सरकारी मदत, थकलेलं कर्ज आणि नादारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिवृष्टीचं अनुदान जमा झाल्याचा मेसेज येतो आणि बँकेत गेल्यावर कळतं, की खात्याला होल्ड लागलाय, म्हणजे पैसे काढता येत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, ‘दिवाळखोरी जाहीर कर, म्हणजे कुणी हात लावणार नाही.’ हा सल्ला अर्धवट आहे. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा मदतीच्या पैशाला फार थोडा आधार देतो. त्या पैशाचं खरं संरक्षण शासन निर्णयात आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एका कलमात आहे, आणि ते वेळेवर मागावं लागतं. खालचे प्रश्न शेतकरी, मजूर आणि छोट्या व्यावसायिकांच्या बाजूने घेतले आहेत.

भारतात साध्या माणसाला दिवाळखोरी जाहीर करता येते का?

येते. मुंबई शहरासाठी १९०९ चा जुना कायदा आहे आणि त्याचं काम मुंबई उच्च न्यायालयात चालतं. उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे आणि त्याचा अर्ज जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात होतो. कर्ज किमान ५०० रुपयांचं असेल, किंवा कर्जापायी अटक वा जप्तीचा आदेश झाला असेल, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. ५०० चा आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून तसाच आहे. कायदा कागदावर जिवंत आहे, पण गावातल्या माणसापर्यंत तो पोहोचलेलाच नाही. बहुतेकांना तो वसुली अधिकारी दारात आल्यावर प्रथमच ऐकू येतो.

नादार घोषित झालो तर मदतीच्या पैशाचं काय होतं?

घोषणा झाली, की तुमची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. इथवर लोकांना माहीत असतं. माहीत नसते ती १९२० च्या कायद्याच्या कलम २८ मधली पुढची ओळ: घोषणेनंतर आणि मुक्तता मिळेपर्यंत (म्हणजे न्यायालय कर्जातून मोकळं करेपर्यंत) जे काही नव्याने मिळेल, तेही रिसीव्हरकडे जातं. म्हणजे जूनमध्ये नादार घोषित झालात आणि ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीची मदत आली, तर रिसीव्हर तिच्यावर हक्क सांगू शकतो.

त्याच कलमात सुटकेची वाटही आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार जी मालमत्ता जप्त करता येत नाही, ती रिसीव्हरकडेही जात नाही. म्हणून सगळा प्रश्न संहितेच्या कलम ६० वर येऊन थांबतो.

कलम ६० मुळे जप्तीपासून नेमकं काय वाचतं?

अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरं आणि बियाणं. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतः राहतो ते घर. मजुरांची आणि घरकामगारांची मजुरी, त्यामुळे रोजगार हमीची मजुरीही. सरकारी निवृत्तिवेतन, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम.

ही यादी वाचताना एक उणीव टोचते. ‘सरकारने आपत्तीत दिलेली रोख मदत’ असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. हा कायदा १९०८ चा आहे आणि तेव्हा खात्यात थेट पैसे येतील ही कल्पनाच नव्हती. पण त्याच पैशातून घेतलेलं बियाणं किंवा औताचा बैल यादीत बसतो. मदत पेरणीसाठी आली असेल तर ती लवकर पेरणीत घाला आणि बियाण्याच्या पावत्या जपा. खात्यात पडून राहिलेल्या रोख रकमेवर वाद होऊ शकतो, पण घरात आलेल्या बियाण्याच्या बाजूने कायद्याचे शब्द उभे राहतात.

पैसे एकदा खात्यात गेले की त्यांचं संरक्षण संपतं, असं बँकवाले म्हणतात. खरं आहे का?

सरसकट खरं नाही. २००८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निवृत्तीनंतर मिळालेले पैसे मुदत ठेवीत ठेवले, म्हणून त्यांचं मूळ रूप बदलत नाही आणि जप्तीपासूनचं संरक्षणही जात नाही. तो निकाल निवृत्तीच्या लाभांवर होता, अतिवृष्टीच्या अनुदानावर नव्हे, हे लक्षात ठेवा. तरीही वकिलाला हा धागा जरूर द्या: पैसा कुठून आणि कशासाठी आला हे पासबुकावरून दाखवता येत असेल, तर ‘आता ती नुसती शिल्लक आहे’ एवढ्यावर बँकेची सुटका होऊ नये.

यासाठी अनुदानाच्या खात्यात इतर पैशांची सरमिसळ करू नका. दुधाचे, बाजाराचे, मुलाने पाठवलेले पैसे त्यातच आले, की कोणता रुपया कुठला हे सिद्ध करणं अवघड होतं.

कोर्ट नाही, नादारी नाही. बँकेनेच अनुदान परस्पर कर्जखात्यात वळतं करून घेतलं. हे चालतं का?

सर्वांत जास्त लोक याच प्रश्नाने हैराण असतात.

आधी बँकेची बाजू. ग्राहकाचं बचत खातं आणि थकलेलं कर्ज एकाच नावावर असेल, तर एकातले पैसे दुसऱ्यात वळते करण्याचा हक्क बँका सांगतात. तो सामान्य व्यवहारात मान्यही आहे. करार कायद्याचं कलम १७१ आणि तुम्ही कर्ज घेताना सही केलेला छापील करारनामा, या दोन्हींचा ते आधार घेतात. नवऱ्याच्या एकट्याच्या कर्जासाठी नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यातले पैसे वळते करणं मात्र या हक्कात बसत नाही, कारण तिथे खातेदार आणि कर्जदार एकच नसतात.

आता सरकारची बाजू. महाराष्ट्र शासन अतिवृष्टी, पूर, गारपीट यांच्या मदतीचे शासन निर्णय काढतं, तेव्हा त्यांत बहुधा एक स्पष्ट सूचना असते: मदतीच्या रकमेतून बँकांनी कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. हा मजकूर निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदांत असतो आणि तिथवर कुणी वाचत नाही. त्या वर्षीचा, त्या आपत्तीचा शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, त्या ओळीखाली रेघ मारा आणि शाखेत न्या.

शाखेत तोंडी भांडू नका. दोन प्रतींत लेखी अर्ज द्या. त्यात जमा झालेली रक्कम, तारीख, योजनेचं नाव, शासन निर्णयाचा क्रमांक आणि ‘होल्ड काढावा व वळती केलेली रक्कम परत जमा करावी’ एवढंच लिहा. एका प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच दिवशी एक प्रत तहसीलदारांना आणि एक अग्रणी जिल्हा बँक व्यवस्थापकांना द्या. जिल्हाधिकारी बँकांच्या बैठका घेतात. तुमचा अर्ज फाईलला लागलेला असेल, तर तुमचं प्रकरण तिथे पोहोचण्याची शक्यता वाढते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती फुकट आहे, वकील लागत नाही आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज विकास सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती बँकेचं असेल, तर अर्जाची प्रत सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांनाही द्या. सोसायटीची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यावर चालते आणि तो दाखला सहकार विभागाकडूनच निघतो.

कोरडवाहू पिकासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा २०२२-२६ चा दर हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, तोही दोन हेक्टरपर्यंत, असा ठरला होता. एवढ्या पैशात लाखाचं कर्ज फिटत नाही. घरातला रब्बीचा हंगाम मात्र उभा राहू शकतो. म्हणून ही रक्कम अडवणं मला अन्यायाचं वाटतं.

पीक विम्याच्या भरपाईलाही हेच लागू आहे का?

नाही, इथे सावध राहा. नैसर्गिक आपत्तीबद्दलच्या रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांनुसार, कर्जाचं पुनर्गठन होऊन (म्हणजे फेडीची मुदत वाढवून हप्ते नव्याने बांधून) नवं कर्ज मिळालं असेल, तर विम्याची रक्कम पुनर्गठित खात्यात जमा करून घ्यायची आहे. म्हणजे बँकेने विमा वळता केला, तर तिच्याकडे त्याला आधार असू शकतो. पण ज्या निर्देशांचा आधार बँक घेते, त्यांतच पीक नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर पुनर्गठन आणि किमान एक वर्ष हप्त्यांना स्थगिती असंही लिहिलं आहे. विमा वळता करणाऱ्या शाखेला विचारा: माझं पुनर्गठन कधी केलंत?

कर्जमाफीचे पैसे?

ते मुळातच कर्जखात्यात जातात. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या महात्मा फुले योजनेत दोन लाखांपर्यंत असंच झालं. त्यावर तुमचा हात फिरत नाही, त्यामुळे नादारीत त्यांचा परिणाम एवढाच, की तेवढं देणं कमी होतं.

अनुदान दुसऱ्या बँकेत घेतलं तर? ही लबाडी ठरेल का?

थेट लाभ आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि कोणतं खातं जोडायचं हे ठरवणं तुमचा हक्क आहे. जिथे तुमचं कर्ज नाही अशा बँकेत किंवा टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत साधं बचत खातं उघडून आधार तिथे जोडणं पूर्ण कायदेशीर आहे. जनधन खातं असेल तर किमान शिल्लकेचा दंडही लागत नाही.

मर्यादा एवढीच, की नादारीचा अर्ज केलात तर प्रत्येक खातं जाहीर करावं लागतं. मालमत्ता लपवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जोडणी बदला, पण लपवाछपवी करू नका.

मदत आली तशी मेव्हण्याचं उसनं फेडून टाकलं. नंतर अर्ज केला. काही अडचण?

अडचण आहे. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्या देणेकऱ्याला इतरांपेक्षा झुकतं माप देण्यासाठी पैसे दिले असतील, तर रिसीव्हर तो व्यवहार रद्द ठरवून मागू शकतो. दोन वर्षांच्या आत जमीन किंवा दागिने फुकट कुणाच्या नावावर केले असतील, तर तेही उलटू शकतं. किराणा, दवाखाना, खत, मुलांची फी यांवर झालेल्या खर्चाची गोष्ट वेगळी. तो पोटासाठी केलेला खर्च आहे, त्याच्या पावत्या ठेवा.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बँकेने किंवा बचत गटाच्या कर्ज कंपनीने घेतले तर?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिले हप्ते जमा झाले, तेव्हाच कपातीच्या तक्रारी आल्या आणि हे पैसे कापू नका असं राज्य सरकारने बँकांना सांगितलं. त्यामुळे बँकेने कापले तर वर दिलेलाच अर्जाचा मार्ग धरा.

सूक्ष्म कर्ज कंपन्यांचा प्रकार वेगळा असतो. त्या खात्यातून घेत नाहीत, वसुलीचा माणूस दारात येतो आणि ‘हप्ता जमा झालाय, माहीत आहे’ असं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ आणि धमकीलाही बंदी आहे. घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, असंही त्यात आहे. त्याहून जास्त हप्ता बसत असेल तर कर्ज देतानाच चूक झाली होती आणि तक्रारीत हे लिहिलंच पाहिजे. गटातल्या बायका एकमेकींवर दबाव आणतात, तेव्हा त्यांना दोष देऊ नका. त्यांच्या मानेवरही तोच हात असतो.

घरचा कर्ता वीज पडून गेला. सरकारकडून ४ लाख मिळाले. त्याच्या कर्जापोटी बँक ते घेऊ शकते का?

वारसाची जबाबदारी मृताकडून त्याला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच असते. दिवाणी संहितेचं कलम ५० हेच सांगतं. सानुग्रह मदत मृताच्या मालकीची कधीच नव्हती, ती त्याच्या जाण्यानंतर कुटुंबाला दिलेली आहे. त्यामुळे ती त्याच्या इस्टेटीत धरणं चूक आहे.

पण दोन गोष्टी तपासा. पत्नी किंवा मुलगा त्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार आहे का? असेल तर ते देणं त्यांचं स्वतःचंही आहे आणि तेवढ्यापुरतं हे उत्तर बदलतं. दुसरं, जमीन गहाण असेल तर तिच्यावरचा बोजा सातबाऱ्यावर राहतोच. तेराव्याच्या आधी बँकेचा माणूस आला आणि कागदावर सही मागितली, तर सही करू नका. त्या एका सहीने मृताचं कर्ज विधवेच्या नावावर चढू शकतं. कागद ठेवून घ्या, वाचून घ्या, आठवड्याने बोला.

पीएम किसानचे हप्ते घेतले, नंतर अपात्र ठरलो. आता परत मागतात. नादारीत ते माफ होतील?

नाही. १९२० च्या कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे मुक्तता मिळाली तरी सरकारचं देणं सुटत नाही. फसवणुकीचं देणं आणि बायको-मुलांच्या पोटगीचं देणंही सुटत नाही. आयकर भरणाऱ्यांनी घेतलेले हप्ते परत मागितले जातात, ते याच वर्गात मोडतात. तहसील कार्यालयात हप्ते पाडून मिळण्याचा अर्ज करणं जास्त उपयोगाचं.

२०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला ना? त्यात गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ आहे म्हणे.

आहे, पण कागदावर. वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसलेल्या माणसाचं कर्ज पुसून टाकण्याची तरतूद त्यात लिहिली आहे. मात्र व्यक्तींबद्दलचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. कोट्यवधींची हमी देणाऱ्या प्रवर्तकासाठी दार उघडलं आणि ३५,००० रुपयांखाली दबलेल्या बाईसाठी ते बंद राहिलं, याची मला मनापासून चीड येते.

ही तरतूद उद्या लागू झाली तरी मर्यादेचा हिशेब बघा. पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळून वर्षाला १२,००० होतात. मदत उत्पन्नात धरायची नाही असं त्या कलमात म्हटलेलं नाही. म्हणजे मजुरीचे ५०,००० मिळवणारा माणूस निव्वळ सरकारी मदतीमुळे मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

मग दुसरीकडे हे कसं हाताळतात? अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिकडे कोविडची मदत सुरक्षित होती.

तिथे संसदेने दिवाळखोरी कायद्यातच बदल केला. २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने प्रत्येक पात्र प्रौढाला १,२०० डॉलर आणि मुलामागे ५०० डॉलर दिले. त्याच कायद्यात लिहिलं, की कोविडची केंद्रीय मदत दिवाळखोराच्या मासिक उत्पन्नात धरायची नाही. हे महत्त्वाचं का? तिथे अर्जाआधीच्या सहा महिन्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढून ठरतं, की माणसाची कर्जं काही महिन्यांत पुसली जातील की त्याला वर्षानुवर्षं हप्ते भरावे लागतील. मदत उत्पन्नात धरली असती तर मदतच त्याच्या आड आली असती. डिसेंबर २०२० मध्ये ६०० डॉलरच्या दुसऱ्या हप्त्याबरोबर एक वर्षापुरती अशी तरतूद आली, की ही रक्कम दिवाळखोराच्या जप्त होणाऱ्या मालमत्तेतही यायची नाही. आधी मंजूर झालेल्या फेडीच्या योजना सात वर्षांपर्यंत लांबवायची सोयही होती. ती आणि उत्पन्नाची सूट २७ मार्च २०२२ ला संपली.

मार्च २०२१ चा १,४०० डॉलरचा तिसरा हप्ता मात्र खासगी देणेकऱ्यांच्या जप्तीपासून केंद्रीय कायद्याने वाचवला नाही, काही राज्यांनी आपापल्या पातळीवर वाचवला. त्या काळात दिवाळखोरीचे अर्ज २०१९ मधल्या सुमारे ७ लाख ७५ हजारांवरून २०२१ मध्ये ४ लाख १४ हजारांच्या आसपास आले. त्यामागे मदतीबरोबर घरजप्तीची स्थगिती आणि शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांची सवलतही होती.

तिथल्या आपल्या लोकांपैकी एक गट पहिल्या फेरीत कोरडाच राहिला. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आणि तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही, अशा जोडप्याने एकत्र कर विवरण भरलं असेल तर दोघांनाही काही मिळालं नाही. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ती चूक मागील तारखेपासून दुरुस्त केली.

नादारी न करता कर्ज थकलं तर तुरुंगात टाकतील का?

निव्वळ गरिबीमुळे नाही. ऐपत असून मुद्दाम न देणारा आणि खरोखर देऊ न शकणारा यांत फरक करायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं. खरोखर देऊ न शकणाऱ्याला तुरुंगात घालता येत नाही. वटला नाही असा चेक दिला असेल तर तो फौजदारी विषय आहे, तिथे ताबडतोब वकील गाठा.

मग मी नादारीचा अर्ज करू की नको?

गहाण कर्जच मोठं असेल तर फारसा उपयोग नाही, कारण तारण ठेवून घेणाऱ्या बँकेचा हक्क नादारीतही शाबूत राहतो. अनेक विनातारण कर्जं, हुकूमनामे (न्यायालयाचे वसुलीचे निकाल) आणि अटकेची भीती असेल, तर विचार करण्यासारखं आहे: घोषणेनंतर त्या देणेकऱ्यांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय वेगळी वसुली करता येत नाही आणि अटकेपासून संरक्षण मागता येतं. त्याची किंमतही आहे. मुक्तता मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेणं गुन्हा ठरतो. गावच्या दुकानात खातं चालवणाऱ्या माणसासाठी ही अट फार जाचक आहे.

अर्जाआधी तालुका विधी सेवा समितीत जा, ती बहुधा तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे. जाताना पासबुकाची छापील नोंद, कर्जाचे उतारे, सातबारा, मदतीचा शासन निर्णय आणि बँकेला दिलेल्या अर्जाची पोच सोबत ठेवा. मदत पुढच्या काही आठवड्यांत येणार असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, कारण अर्जाची तारीख त्यावरून ठरवावी लागते.